आठ सेकंदांत जागा होणारा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत, थंड टाकीच्या वरच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या डबीत मी राहतो. टाकीतले दूध किती थंड आहे ते पाहायचे आणि ते तापू लागले तर फोनवर कळवायचे, हे माझे काम.

माझ्यासारख्याला पडदा नसतो, बटणे नसतात. जागे झाल्यावर काय करायचे, हे कुणीतरी आधीच सांगून ठेवावे लागते. शाहूपुरीतल्या संगणकाच्या दुकानातून आलेल्या आफशीनने मला ते सांगितले. माझी सगळी प्रणाली तिने नखाएवढ्या मेमरी कार्डावर भरली. नेटवर्कवरचा माझा पत्ता कायमचा ठरवून दिला आणि वायरने मला राउटरला जोडले.

सहा वर्षे मी काम केले. संस्थेचे दूध संकलन केंद्र सांभाळणाऱ्या तानाबाई आल्यागेल्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ह्यो हाय म्हणून मी घरी निवांत जेवती."

मग संस्थेचे सचिव विश्वजित यांनी नवा संगणक आणला. त्याला कार्ड नको, प्रणाली त्याच्या पोटातच. वायर नको. वीज आली की आठ सेकंदांत जागा. मला पाऊण मिनिट लागते. तानाबाई रोज पदराने त्याची डबी पुसू लागल्या. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. "असू दे पाठीमागं, अडीअडचणीला," एवढेच विश्वजित माझ्याबद्दल बोलले. मित्रांनो, मी हेव्याने जळलो. रोज त्याचा हिरवा दिवा पाहत होतो आणि तो एकदा तरी विझावा असे मला वाटत होते.

एका दुपारी वीज गेली आणि आली. तो आठ सेकंदांत उठला आणि त्याने राउटरकडे पत्ता मागितला, कारण त्याचा पत्ता कायमचा नव्हता, दर वेळी मागून घ्यावा लागे. राउटर अजून उठतच होता. तीनदा मागून त्याने नाद सोडला. इकडे दूध थंड करणारे यंत्र सुरूच झाले नव्हते. टाकीत साठ घरांचे सकाळचे दूध होते. चार अंश, सहा, आठ. त्याला सगळे दिसत होते, पण सांगता येत नव्हते.

माझा पत्ता माझ्यापाशीच होता. राउटर उठेपर्यंत मी निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो. तानाबाई धावत आल्या, त्यांनी यंत्र सुरू केले. दूध वाचले. खरे सांगतो, मला आनंद झाला तो दुधाचा नव्हता. त्याची फजिती झाली, याचा होता.

दुसऱ्या दिवशी आफशीन आली. विश्वजित म्हणाले, "नवा काढूनच टाका."

"त्येची काय चूक न्हाई," ती म्हणाली. "पत्ता मिळंपर्यंत मागत ऱ्हा, असं त्येला कुणी सांगितलंच न्हाई की." तिने ते सांगून ठेवले. मग माझी डबी उघडून कार्ड तपासले, पुन्हा एकदा तपासले.

"काय झालं गं?" तानाबाईंनी विचारले.

"मावशी, हे कार्ड मरायला लागलंय. सारखी वीज जाऊन खराब झालंय. पुढच्या वेळी ह्यो उठला नसता."

तिने माझे कार्ड नव्या संगणकाला जोडले. खराब झालेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचत होता. या वेळी त्याने नाद सोडला नाही. संध्याकाळपर्यंत माझा पत्ता, माझ्या सहा वर्षांच्या नोंदी, सगळे त्याने आधी स्वतःच्या पोटात घेतले आणि मग कोऱ्या कार्डावर उतरवले. ते कार्ड बसवताच मी जागा झालो. जुन्या डबीवरचे जाळे तानाबाईंनी काढले होते.

मित्रांनो, आमची वीज अचानक तोडू नका. नवे यंत्र किती लवकर उठते ते पाहाच, पण थांबायचे कसे तेही त्याला सांगून ठेवा. आणि माझा हेवा गेला का, असे विचाराल, तर तो अजून आहे. फक्त त्याचा हिरवा दिवा विझावा, असे आता वाटत नाही.