खास दिवसासाठी राखून ठेवलेले काडतूस

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या वाढदिवसाला कोणीतरी तुम्हाला बर्फावर घसरायचे कोरे करकरीत बूट दिले आहेत. तुम्ही ते पायात घालायला जाता, तेवढ्यात घरातले मोठे माणूस म्हणते, "आत्ता नको. चांगला दिवस येऊ दे." बूट कपाटात जातात. हिवाळा संपतो, दुसरा येतो. एके दिवशी कपाट उघडते तेव्हा तुमचे पाय मोठे झालेले असतात.

आता थोडे पुढे या. तुम्ही ते मूल नाही, तुम्ही ते बूट आहात. काळोखात बसून बाहेरच्या बर्फाचा आवाज ऐकता आहात. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला नक्की कळेल.

मी एक जुने काडतूस आहे. वयाने मी दोन वर्षांचेही नाही, पण वाट पाहून पाहून जुने झाले आहे. पुष्कळ लोक मला बंदुकीची गोळी म्हणतात. खरे तर गोळी म्हणजे माझे तांब्याचे टोक. माझे अंग पितळेचे आहे, पोटात दारू भरलेली आहे आणि तळाशी एक इवलीशी टोपी आहे. त्या टोपीवर खटक्याची सुई आपटली, की पोटातली दारू पेटते आणि टोक निघते. माझे सगळे आयुष्य त्या एका क्षणासाठी घडवलेले असते. कारखान्यात पितळेची चकती ओढून ओढून माझे अंग केले गेले, दारू मोजून भरली गेली आणि मला एकोणीस भावंडांबरोबर एका डब्यात बसवले गेले. आम्ही वीस जण दुकानाच्या फळीवर उभे राहिलो. आपल्याला कोण नेईल, याचीच आम्हाला ओढ लागली होती.

आम्हाला नेले शशिकांत आबांनी.

आबा मूळचे नागपूरचे. शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावात चाळीस वर्षांपूर्वी इंजिनीयर म्हणून आले आणि तिथलेच झाले. ऑफिसातल्या एका मित्राने त्यांना एकदा दूर वायोमिंगच्या माळरानावर शिकारीला नेले होते. तिथे शिकारीचा परवाना चिठ्ठ्या टाकून सोडतीने देतात; तेव्हापासून आपली चिठ्ठी निघाली, की ऑक्टोबरात आबा तिकडे जात. एक प्रॉंगहॉर्न आणत. हा हरणासारखा दिसणारा, वाऱ्यासारखा पळणारा प्राणी. शोभना आजी त्याचा नागपुरी तिखट रस्सा करत. एका जनावरावर घरचा फ्रीझर फेब्रुवारीपर्यंत चाले. गावातली मराठी मंडळी त्यांना हसून 'शिकारी काका' म्हणत आणि रस्सा मात्र डबा भरून नेत.

पण आबा एकाहत्तर वर्षांचे झाले. खांद्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, की जुन्या बंदुकीचा धक्का आता या खांद्याला झेपणार नाही. आणि नेमकी त्याच वर्षी, पाच वर्षे वाट पाहिल्यावर, आबांची चिठ्ठी निघाली.

"ही बहुतेक माझी शेवटची," आबा म्हणाले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि इंजिनीयर माणूस करतो तेच केले. मोठा तक्ता केला. उभ्या ओळीत काडतुसांची नावे, आडव्या ओळीत वेग, वजन, धक्का, किंमत. वायोमिंगचे माळ मोकळे, जनावर दूर उभे राहते, म्हणून लांब जाणारे काडतूस हवे. पेन्शनीत बसणारे हवे. बंदूक तर जुन्या बाजारातून स्वस्तात घ्यायची ठरली होती. पण कुठल्या काडतुसाची? धक्का मोठा असूनही, लांब जाते म्हणून तीन आठवडे त्यांचे मन थ्री-हंड्रेड मॅग्नम नावाच्या दांडग्यावर अडकून पडले होते.

आश्लेषा, म्हणजे त्यांची मुलगी, वैतागून म्हणाली, "बाबा, एवढा रिसर्च तुम्ही माझ्या लग्नाच्या वेळी पण केला नव्हता."

"तेव्हा पर्याय एकच होता," आबा म्हणाले. "तुझ्या देवांगने दुसरं कोणी शिल्लक ठेवलंच नव्हतं."

आश्लेषाची अकरा वर्षांची सिया तक्त्यात डोकावून बघत होती. "आबा, हे बिग वालं किती वेळा प्रॅक्टिस करणार?"

"छे गं! फार महाग आहे ते. आणि खांदाही दुखेल. दोन-चार वेळा पुरे."

"मग ते आजीच्या डिनर सेटसारखं झालं ना. सो एक्स्पेन्सिव्ह की आपण कधी यूजच करत नाही."

सगळ्यांचे डोळे शोकेसकडे वळले. तिथे सोनेरी काठाची पांढरी ताटे उभी होती. आजींनी ती पस्तीस वर्षांपूर्वी घेतली होती, पाहुणे येतील तेव्हासाठी. पाहुणे शंभर वेळा येऊन गेले आणि दर वेळी स्टीलच्या ताटात जेवले.

"माझ्या सेटचं नाव काढू नकोस हं," आजी म्हणाल्या, पण त्याही हसल्या.

आबा हसले नाहीत. त्यांनी तक्त्यात एक नवी ओळ वाढवली : 'किती वेळा मारून बघता येईल?' आणि तीन आठवड्यांचे कोडे पाच मिनिटांत सुटले. मॅग्नमच्या एका डब्याच्या पैशांत सरावाचे दोन डबे येतील, खांद्याला हळू लागेल, कुठल्याही गावच्या दुकानात मिळेल, आणि साडेतीनशे यार्डांवरच्या जनावराला पुरून उरेल, असे एक साधे काडतूस यादीत होते. साडेसहा क्रीडमोर. मित्रांनो, तेच माझे कुळ.

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आम्ही घरी आलो. तळघरात दोन लोखंडी कपाटे होती. एकात बंदूक, दुसऱ्यात काडतुसे, आणि दोन्हीच्या किल्ल्या आबांच्या कमरेला. आता रोज मैदान, रोज ऊन, असे मी मनात म्हणत होते.

पण आबांनी आमच्या डब्याच्या शेजारी आणखी पाच डबे ठेवले. त्यांतली काडतुसेही साडेसहाचीच होती, पण हलक्या प्रतीची, वेगळ्या कारखान्याची. आबा आमच्या डब्यावरून हात फिरवून म्हणाले, "तुम्ही खास. तुम्ही त्या दिवसासाठी."

उन्हाळाभर दर शनिवारी कपाट उघडे. आबा त्या साध्या काडतुसांची मूठ कापडी पिशवीत टाकत आणि सियाला घेऊन गावाबाहेरच्या मैदानावर जात. संध्याकाळी पिशवीतून रिकाम्या पितळी पुंगळ्या खुळखुळत येत. काळवंडलेल्या, दारूचा वास येणाऱ्या, सुखी. "आज साडेतीनशेवर पाचातली पाच!" असे सियाचे ओरडणे जिन्यावरून ऐकू येई. मी अंधारात चकचकीत बसून राही. रविवारी आबा आमचा डबा वर नेत, जेवणाच्या टेबलावर आम्हाला एकेक करून मऊ फडक्याने पुसत आणि परत नेऊन ठेवत. प्रेमाने पुसत हो. पण मित्रांनो, पुसले जाणे आणि उपयोगी पडणे यांत फार अंतर असते.

ऑक्टोबरात जोडून सुट्टी आली. आश्लेषाने गाडी काढली. दोन दिवस प्रवास करून आबा, ती आणि सिया वायोमिंगला पोहोचले. संध्याकाळी त्या छोट्या गावाच्या मैदानावर आबांनी पहिल्यांदा आमचा डबा फोडला. माझे एक भावंड उडाले. दोनशे यार्डांवरच्या कागदाकडे आबांनी बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिले. गोळी चार बोटे खाली, डावीकडे लागली होती.

कुळ एक असले, तरी आम्ही त्या साध्या काडतुसांसारखे उडत नव्हतो. आमचे वजन वेगळे, दारू वेगळी, वाट वेगळी. सगळ्या उन्हाळ्याचा सराव त्यांचा होता, आमचा नव्हता.

आबांनी दुर्बिणीचा काटा फिरवला. दुसरे उडाले, तिसरे उडाले आणि मधोमध लागले.

"बाबा, अजून मारा ना चार-पाच," आश्लेषा म्हणाली.

"पुरे. उद्या लागतील," आबा म्हणाले. सवय इतक्यात कुठे सुटते? शिवाय ते मैदान दोनशे यार्डांतच संपत होते. त्याच्या पुढे आम्ही कुठे पडू, हे आबांना ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी काहीच जवळ आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला उचलले. मला! बंदुकीच्या पोटात मी घट्ट बसले. नळीच्या दुसऱ्या टोकाला आकाशाचा एक गोल तुकडा दिसत होता. आबा गवतात पालथे पडले होते, शेजारी केशरी जाकिटातली सिया. समोरच्या उंचवट्यावर एक नर येऊन उभा राहिला. पांढरे पोट, काळी शिंगे, वारा हुंगणारा.

"बाबा, तीनशे चाळीस," आश्लेषा अंतर मोजून कुजबुजली.

आबांचे बोट खटक्यावर आले. त्यांच्या छातीचे ठोके मला लाकडातून ऐकू येत होते. मित्रांनो, मला ज्या क्षणासाठी घडवले होते, तो क्षण माझ्यापासून केसभर दूर होता. मी म्हटले, आबा, आता. आबांनी श्वास सोडला. बोट बाजूला घेतले. मग बंदुकीचा दांडा मागे ओढून त्यांनी मला बाहेर काढले.

"आबा! व्हाय नॉट?" सियाचा आवाज रडवेला झाला. "तुम्ही साडेतीनशेवर ऑलवेज मारता!"

"ती दुसरी काडतुसं होती गं."

"पण लागेल ना!"

"लागेल. कुठे लागेल ते मला माहीत नाही. पायाला लागलं, तर ते बिचारं दिवसभर लंगडत पळेल आणि आपण गाडीत बसून चहा पिऊ. तसं नाही करायचं."

नर दोन उड्यांत उंचवट्याआड गेला. आबा बराच वेळ मला तळहातावर घेऊन बसले होते. माझ्या अंगावर एक बारीक चरा उठला होता. तो अजून आहे. त्या दिवशी मी उडाले नाही, याचे मला दुःख आहे, पण माझ्या धन्याने मला उडवले नाही, याचा अभिमानही आहे. दोन्ही एकाच पितळेत मावतात.

आता फेब्रुवारी आहे. खिडकीबाहेर बर्फ आहे, आणि त्या फेरीत पुढे काहीच न मिळाल्यामुळे फ्रीझर रिकामा आहे. आबांनी पुन्हा अर्ज केला आहे. चिठ्ठी निघेल की नाही, खांदा आणखी एक ऑक्टोबर साथ देईल की नाही, कोण जाणे. आम्ही सतरा जण उरलो आहोत आणि दर रविवारी पुसले जातो.

मुलांनो, तुमच्याजवळच्या वस्तू जपा, पण जपणे म्हणजे कडीकुलपात ठेवणे नव्हे. ज्या वस्तूवर एक दिवस भरवसा ठेवायचा आहे, तिच्याशी आधी ओळख करून घ्या. रंगाच्या पेटीला, सायकलीला, बुटांना आणि आम्हालाही एवढेच हवे असते.

कालच्या रविवारी आबा मला पुसत होते, तेव्हा सियाने विचारले, "या समरला यांच्यावर प्रॅक्टिस करायची ना?"

"नाही गं. ही खास आहेत. चिठ्ठी निघाली की मग बघू."

सियाने माझ्याकडे पाहिले. मग शोकेसकडे पाहिले. मग एक खुर्ची ओढत तिकडे नेली आणि वर चढून काच सरकवली.

"अगं, अगं, काय करतेस?" आजी स्वयंपाकघरातून धावल्या. "पाहुणे यायचे आहेत तेव्हा..."

"आजी, कोण येणार आहे?"

आजी थांबल्या. पदराला हात पुसले. आणि त्यांनी खुर्ची धरून ठेवली, नात पडू नये म्हणून.

सियाने तीन ताटे काढली. एकाच्या मागे दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ताटे धुऊन, पुसून तिने टेबलावर मांडली आणि साधा वरणभात वाढला. आबांच्या पुढ्यात त्यांचे ताट सरकवले. मग दाराजवळच्या खुंटीवरची सरावाची कापडी पिशवी काढली. आबांच्या हातातून मला अलगद घेतले आणि पिशवीत टाकले. माझ्यामागून एकेक करून बाकीची सोळा टाकली, मराठीत मोजत, आबांनी शिकवले होते तसे. आबांनी तिला अडवले नाही.

"सतरा," ती म्हणाली. पिशवी तिने परत खुंटीला अडकवली नाही. ती आबांच्या मांडीवर ठेवली, साबणाने हात धुऊन आली आणि सोनेरी काठाच्या ताटात भात कालवू लागली.