पाटलाच्या पागोट्यातली तीज

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. वणीकडच्या चुनखडीच्या माळावर बंजाऱ्यांच्या तांड्याचा नाला भर पावसाळ्यात एका भोकात शिरायचा आणि गडप व्हायचा. माळाखाली सदाशिवराव पाटलांच्या मळ्यात झरा वाहायचा. "हे पानी माह्या जमिनीच्या पोटचं," म्हणत पाटलांनी झऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं. तांड्याची कारभारीण सुखीबाई अन् बाकीच्या बाया उन्हाळाभर घागरी घेऊन रानोमाळ. माज चढला की माणूस ढगावरही मालकी सांगतो!

पाण्याच्या सर्व्हेचा सरकारी साहेब आला. त्यानं मडक्यात दगडगोटे अन् रेती भरली, तळाशी एक मोठं भोक अन् काही बारीक पाडली, वरून घागर ओतली. मोठ्यातून भळाभळा आलं आणि थांबलं. बारक्यांतून टिपटिप चालूच.

"हा पावसाळा, अन् हा उन्हाळा," आधी मोठ्या, मग बारक्या भोकांकडे बोट दाखवत साहेब म्हणाला. "झरा असाच वागतो. पाणी वरच्या माळावर भोकात शिरलेलंच असणार."

"साहेब, भातुकली खेळून राह्यले का?" पाटील खो खो हसले. "मडक्याची साक्ष मानाले मी येडा हाओ का?"

बघ्यांत उभ्या सुखीबाईला मात्र मडकं पटलं. श्रावणात तांड्याच्या पोरींची तीज. टोपल्यांत गहू पेरून वाढवायचे, पिवळे अंकुर भावांच्या पागोट्यात खोवायचे, उरलेले वाजतगाजत नदीत सोडायचे. यंदा सुखीबाई म्हणाली, "पोरींहो, नदी राहू द्या. नाल्याच्या भोकात टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील झऱ्यावर गेले, तर पाणी अंकुरांनी पिवळं. दगडाच्या पोटातून धान्य! "देवी परसन्न झाली!" त्यांनी ओला तुरा पागोट्यात खोवला, वाजंत्री बोलावली, गाव गोळा केलं.

सुखीबाई पोरींना घेऊन कुंपणाशी आली. "राम राम, भाऊ."

"भाऊ? कोनाचा भाऊ?"

"आमची तीज पागोट्यात खोवली ना? मंग ह्या साऱ्या तुह्या बहिनी."

"ही देवीची हाये!"

तेवढ्यात झऱ्यातून आरसे टाचलेली चिंधी तरंगत आली. तांड्यातल्या फुलसिंगची पोरगी ओरडली, "थे माह्या टोपलीची हाये!" गाव खदखदून हसलं. सनईवाल्याला हसू आवरेना, सूर कुठल्या कुठे गेला.

पाटलांचा हात पागोट्याकडे गेला अन् तिथंच थांबला. तुरा काढावा तर देवीचा अपमान, ठेवावा तर तांडाभर बहिणी.

"काहून थांबला, भाऊ? बहिनीले तहानलेली धाडतं का?"

दात खात पाटलांनी स्वतःच काटे ओढले. "भरा! पन उन्हाळ्यात झरा आटला तर मले बोलू नका."

"मडक्याले बारकी भोकं हायेत ना," सुखीबाईनं घागर बुडवली. "तू येकटा पिऊ नको म्हंजे झालं."