कपिलच्या आजोबांचं घड्याळ

दसरा नुकताच झाला होता आणि सहस्रकुंडाच्या धबधब्याला अजून पाणी आहे, अशी पक्की खबर रोशनकडे होती. रोशनचं यवतमाळला दुचाकींचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकांकडून त्याला जिल्ह्यातल्या सगळ्या खबरा मिळत आणि त्यातल्या निम्म्या खऱ्याही निघत. कपिल पुण्याहून सुटीवर आला होता. वैष्णवीचं आर्णीला औषधांचं दुकान. ते तिनं एका दिवसापुरतं भावाच्या हवाली केलं आणि सकाळी बसस्टँडसमोरून रोशनच्या गाडीत बसली. तिघं एका कॉलेजचे. वर्षातून एकदा सोबत कुठंतरी जायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी कॉलेज सुटल्यावरही टिकवली होती.

उमरखेडला तर्री-पोहे खाताना कपिलनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "धबधब्याच्या आधी एक काम आहे. एक डबा शोधायचा आहे."

"कोणाचा?" रोशननं विचारलं.

कोणाचाच नाही, असं कपिलनं समजावलं. हा खेळ होता, जिओकॅशिंग नावाचा. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो आणि त्या जागेचा ठिकाणा मोबाइलवर टाकतो. बाकीच्यांनी तिथवर जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. पुण्याजवळचे बहुतेक डबे कपिलचे शोधून झाले होते. आता तो रविवारी पार साताऱ्यापर्यंत जायचा. आजच्या वाटेवर, ढाणकीच्या पुढं, एक डबा दिसत होता.

"डब्यात असते काय?" रोशन म्हणाला.

"कागद."

"अन्?"

"कधीकधी पेन्सिल."

रोशननं उरलेली तर्री पिऊन टाकली. "चाल मंग," तो म्हणाला. पाहुण्या मित्राचं मन मोडणं त्याला जमत नसे.

"एकच नियम आहे," कपिल म्हणाला. "गावातल्या लोकांना कळता कामा नये. कळलं की डबा जागेवर राहत नाही. कोणी विचारलंच, तर काय सांगायचं ते मी बघतो."

वैष्णवीनं त्याला तिथंच अडवायला पाहिजे होतं. कपिलला खोटं बोलता येत नाही हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण पोहे गरम होते, आणि तिनं पुढचा घास घेतला.

ढाणकी मागं पडल्यावर मोबाइलनं त्यांना डांबरी रस्त्यावरून उतरवलं आणि एका बंजारा तांड्याजवळच्या वावराशी आणून सोडलं. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर एक पळस होता आणि पळसाखाली वावरातून वेचून टाकलेल्या दगडांचा भलामोठा ढीग. मोबाइलचं म्हणणं होतं, की डबा इथंच. पलीकडं सोयाबीनची सोंगणी चालली होती. कापलेल्या सोयाबीनचे लहान लहान ढीग वावरभर पडले होते, आणि पश्चिमेला आभाळ काळं होत होतं.

तिघांनी दगड उलथायला सुरुवात केली. थोड्याच वेळात सोंगणीतली एक बाई विळा हातात घेऊन धुऱ्यानं चालत आली. साठीच्या आसपासची, उंच, आवाज खणखणीत. वावर तिचं होतं आणि नाव नंदाबाई.

"काय हारपलं जी?" तिनं विचारलं.

"घड्याळ," कपिल म्हणाला.

"कवा?"

"मागच्या वर्षी. इथून जात होतो तेव्हा."

"रस्ता त तठी हाये. धुऱ्यावर कायले आलता?"

कपिलनं रोशनकडं पाहिलं.

"लघवीले," रोशन म्हणाला.

ते नंदाबाईला पटलं. मात्र रोशनला एकदा मदत करायची म्हटली की मग थांबता येत नसे. तो पुढं म्हणाला, "साधं घड्याळ नाही मावशी. त्याच्या आजोबाचं हाये. वारले ते."

कपिलचे आजोबा बाबाराव राळेगावला धडधाकट होते. नातवानं नाश्ता केला का, हे विचारायला त्यांचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

नंदाबाईनं विळा खाली ठेवला. "अरे देवा," ती म्हणाली, आणि वळून तिनं वावराकडं गोरबोलीत अशी हाक मारली की सोंगणीच्या सगळ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्या आल्या. मागून नंदाबाईचा नवरा पूनमसिंग कुदळ घेऊन आला. त्यानं "जय सेवालाल" म्हटलं, सगळी हकीकत ऐकून घेतली, मयत आजोबांसाठी दोन शब्द बोलला आणि दगडांचा ढीग माणसांमध्ये वाटून दिला. इकडून या तिघी, तिकडून त्या चौघी, मधला भाग तो स्वतः.

वैष्णवी शेतकऱ्याच्या घरची होती. कापून पडलेलं सोयाबीन भिजलं की दाण्याचं काय होतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिनं कपिलला पळसामागं ओढलं.

"आताच्या आता सांगून दे."

"कसं सांगू? लोक गोटे उचलून राह्यले माह्यासाठी."

तो पुण्याची भाषा विसरला होता, म्हणजे पुरता घाबरला होता. वैष्णवीनं रोशनकडं पाहिलं. रोशन पूनमसिंगच्या बरोबरीनं दगड हलवत होता, अगदी मनापासून, जणू घड्याळ खरंच होतं.

तेवढ्यात नंदाबाईनं पाण्याची कळशी फिरवली. सगळ्यांना तिनं पाणी दिलं. ढिगाच्या पार टोकाला एक ठेंगणी बाई एकटीच दगड काढत होती, तिच्यापाशी मात्र कळशी गेली नाही. वैष्णवीनं पेला भरला आणि स्वतः नेऊन दिला. परत आल्यावर शेजारची बाई तिच्या कानाशी लागली.

"ते सकरीबाई. नंदाबाईची जाऊ. बोलत नाईत दोघी."

"काहून?"

"घड्याळापाई."

वैष्णवीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण नाही. पूनमसिंगनं नंदाबाईला एकदा नांदेडहून घड्याळ आणलं होतं. तांड्यात बाईच्या मनगटावरचं ते पहिलं घड्याळ. एक दिवस ते दिसेना. मी फळीवर ठेवलं होतं आणि घरात सकरीशिवाय कोणी आलं नाही, असं नंदाबाई चारचौघांत म्हणाली. तेव्हापासून दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, वावरं धुऱ्याला धुरा लागून, सोंगणीला एकमेकींच्या वावरात जाणंही ठरलेलं, पण बोलणं बंद.

"तवाच्यानं नंदाबाईले कोणाचं घड्याळ हारपलं म्हणलं की राहवत नाई," बाई म्हणाली आणि पुन्हा दगडाला लागली.

कपिल सांगणार नसेल तर आपणच सांगावं म्हणून वैष्णवी उठली, आणि त्याच वेळी ढिगाच्या टोकाला सकरीबाई थांबलेली तिला दिसली. तिनं एक चपटा दगड उचलून बाजूला ठेवला होता आणि ती खाली पाहत नुसती बसून होती. मग तिनं मातीत हात घातला, काहीतरी पदराला पुसलं, उठली आणि नंदाबाईच्या अंगावरून, तिच्याकडं न पाहता, सरळ कपिलपुढं येऊन उभी राहिली.

"हे घे बापू, तुह्यं घड्याळ."

ते बोटभर रुंदीचं बायकी घड्याळ होतं. पट्टा कधीकाळी सोनेरी असावा. काचेच्या आत माती शिरली होती. सगळ्या बाया कपिलच्या तोंडाकडं पाहत होत्या. आता नाही म्हणावं तर इतका वेळ हे लोक शोधत होते काय, असा हिशेब त्याच्या डोक्यात चाललेला वैष्णवीला स्पष्ट दिसला.

"हो," कपिल म्हणाला. "हेच."

रोशननं डोळे मिटून घेतले.

"बायकायचं घड्याळ घालत होता काय तुह्या आजा?" एका बाईनं विचारलं.

"त्यांचा हात बारीक होता," कपिल म्हणाला.

"पाहू," नंदाबाई म्हणाली. तिनं घड्याळ घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग ते नवऱ्यापुढं धरलं. पूनमसिंगनं ते हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

"मावशी," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "याचं घड्याळ हारपलंच नाही. हा खोटं बोलला. याचे आजोबा जिते हायेत. आमी दुसरंच काही शोधून राह्यलो होतो. हे घड्याळ तुमचं हाये."

पूनमसिंगनं विचारलं, "आजोबा जिते हायेत?"

"हो काका."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

सकरीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पूनमसिंग तिचा जेठ, थोरला दीर; त्याच्याशी ती थेट बोलत नसे आणि जावेशी तर बोलणंच नव्हतं. तिनं वैष्णवीचा हात धरला. "बाई, तू शिकेल दिसते. तू सांग यायले, घड्याळ कुठं भेटलं. माह्या पेटीत भेटलं काय?"

वैष्णवीनं नंदाबाईकडं पाहिलं. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या. तरी विचारलं आहे म्हणून तिनं सांगितलं, "त्या म्हणतात, घड्याळ पेटीत नाही भेटलं. गोट्याखाली भेटलं."

"तिले सांग, मी ते फळीवर ठेवलं होतं," नंदाबाई म्हणाली, पण तिचा खणखणीत आवाज खाली आला होता. "मले त तसंच वाटलं होतं. हात धुवाले काढलं असन अठी. आठवत नाई मले."

"त्या म्हणतात, आठवत नाही."

"मले आठवते म्हणा," सकरीबाई म्हणाली. "कोण काय बोललं, कोण कोण उभं होतं, सगळं आठवते."

वैष्णवी हे सांगणार तोच तिच्या कपाळावर टपोरा थेंब पडला. दुसरा दगडावर वाजला. नंदाबाईनं वर पाहिलं, वावरात उघड्या पडलेल्या सोयाबीनकडं पाहिलं आणि ओरडली, "सकरे! तुह्या घरची ताडपत्री आण! माही फाटली!"

"आणतो!" सकरीबाई ओरडली आणि पळत सुटली.

पुढचं सगळं पळापळीत झालं. ढीग उचलायचे, कवेत धरून वावराच्या मधोमध आणायचे, एकावर एक रचून मोठी गंजी करायची. कपिलला कोणी काम सांगितलं नाही, पण तो सगळ्यांत जास्त धावत होता. सोयाबीनच्या वाळल्या शेंगांची टोकं काट्यासारखी लागतात हे तो विसरला होता. त्याचे हात ओरबाडून निघाले. रोशननं पाठीवर इतकं घेतलं की खालून नुसते त्याचे पाय दिसत होते. सकरीबाई निळी ताडपत्री घेऊन आली, तेव्हा गंजी जवळपास रचून झाली होती. दोन टोकं दोघी जावांनी धरली. वारा ताडपत्री उचलत होता आणि त्या एकमेकींना "ओढ", "सोडू नको", "अवं इकडं" असं सांगत होत्या. थोडं सोयाबीन भिजलंच. बाकीचं वाचलं.

पाऊस ओसरेपर्यंत सगळे नंदाबाईच्या ओसरीत बसले. चहा झाला. सोंगणीच्या बाया कुठं हलल्या नव्हत्या. त्यांना पुढं काय होतं ते पाहायचं होतं. नंदाबाईनं पहिला कप सकरीबाईपुढं ठेवला आणि उभ्यानंच म्हणाली, "चारचौघांत म्हणलं होतं, चारचौघांत वापस घेतो. मी चुकली. तू नाई नेलं."

सकरीबाईनं चहा बशीत ओतला. "आता म्हणतं," ती म्हणाली. "माह्या पोरीचं लगन झालं, तू आली नाई. भिंतीपलीकडं दार लावून बसली होती."

नंदाबाई खाली बसली. सकरीबाईनं बशीतला चहा सावकाश संपवला, मग म्हणाली, "साखर कमी टाकतं तू. पैल्यापासून."

कपिलनं माफी मागितली तेव्हा पूनमसिंगनं ती हातानंच बाजूला सारली. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. कपिलनं सगळा खेळ सांगितला. पूनमसिंगनं नीट ऐकला.

"म्हणजे डबा सापडला की घरी न्यायचा नाई?"

"नाही काका. नाव लिहायचं आणि तिथंच ठेवायचा."

"अन् येवढ्यासाठी येवढ्या दूर आला?"

"हो."

पूनमसिंगनं विचार केला. "दोन वर्साआधी नाल्याचं काम झालं तवा मशीननं अर्धा ढीग उचलून नेला," तो म्हणाला. "त्यात गेला असन. दुसरा ठेवता काय? माह्याकडे बिस्किटाचा डबा हाये."

नवा डबा ठेवायचे नियम वेगळे आहेत, असं कपिल सांगू लागला. वैष्णवीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप्प बसला.

उजेड कमी होत आला होता. सहस्रकुंड आता व्हायचं नव्हतं. गाडीत बसल्यावर कपिलनं मोबाइल काढला. डबा सापडला नाही की तसं नोंदवायची रीत असते. त्यानं बराच वेळ काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. वैष्णवीनं मागून वाकून पाहिलं. त्यानं लिहिलं होतं, "डबा नाही. शोधण्यापूर्वी शेतमालकांशी खरं बोलावं."

रोशननं गाडी वळवली. चाक चिखलात थोडं फिरलं आणि निघालं. ओसरीत आवाज चढला होता. भिजलेल्या सोयाबीनला ताडपत्री उशिरा आणली हे कारण, असं नंदाबाई म्हणत होती, आणि जिची स्वतःची ताडपत्री फाटकी तिनं बोलू नये, असं सकरीबाई. दोघी कोणाला मध्ये न घेता, एकमेकींच्या तोंडावर, जीव तोडून भांडत होत्या. बाया कप हातात धरून ऐकत होत्या आणि पूनमसिंग दारात उभा राहून गाडीला हात हलवत होता.