अँटिओकपुढचा कथलाचा राजा

मी सम्राट बोलतोय. दचकू नका, उठून मुजरा वगैरे करायची गरज नाही. उंचीला मी दोन बोटं, जाडीला नखाएवढा, आणि अंगात रक्त नसून कथील आहे. घोड्यावर बसलोय, हातात तलवार आहे, छातीवर लाल क्रूस आहे. दाढी तांबडी. त्या दाढीवरून जर्मनीतली शाळकरी पोरंही मला ओळखतात. फ्रेडरिक बार्बारोसा, क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेला म्हातारा बादशहा! म्हणजे तो खरा होता. मी त्याचं चित्र.

माझा साचा पाटीच्या दगडात कोरलेला होता. त्यात वितळलेलं कथील ओतलं आणि मी बाहेर पडलो, चकचकीत आणि अगदी बिनचेहऱ्याचा. चेहरा मला दिला हेर ब्योमर यांनी. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. ते कोलोनच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्यासारख्यांची अख्खी फौज रंगवली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. बायको बिचारी उरलेला जन्म स्वयंपाकघरात उभ्याने जेवली.

रंगवताना ते मला माझीच गोष्ट सांगायचे. बाराव्या शतकात मी मोठी फौज घेऊन जेरुसलेम जिंकायला निघालो. डोंगर ओलांडले, लढाया मारल्या, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत बुडून मेलो. कोणी म्हणतं आंघोळीला उतरलो होतो, कोणी म्हणतं घोडा घसरला. मुलाने माझं प्रेत व्हिनेगरमध्ये घालून पुढे नेलं. ते टिकेना, म्हणून मांस अँटिओक शहरातल्या चर्चमध्ये पुरलं आणि हाडं घेऊन उरलेली फौज पुढे गेली. एवढ्या मोठ्या बादशहाची अशी लोणच्यासारखी गत झाली.

टेबलावर मात्र मी कधीच बुडालो नाही. दर रविवारी जिंकायचो. माझ्या सरदारांना हेर ब्योमर यांनी वेगवेगळे चेहरे काढले होते, कुणाला मिशी, कुणाला चामखीळ. समोरच्या सगळ्यांना एकच चेहरा. आणि ज्या शहरांना आम्ही वेढा घालायचो त्या शहरांत राहणाऱ्या माणसांचे तर साचेच नव्हते. मला कधी त्याचं काही वाटलं नाही. राजाला कशाला वाटेल?

हेर ब्योमर गेले. त्यांच्या मुलाने आमचे खोके फुटपाथवर ठेवले आणि वर लिहिलं, ‘फुकट न्या’. फुकट म्हटल्यावर आपला माणूस थांबणारच. नागेश थांबला.

नागेश कोलोनमधल्या एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. गाडीचा एकेक भाग यंत्रावर बसवायचा आणि खिळखिळा होईपर्यंत हलवायचा, हे त्याचं काम. बायको ऊर्मिला विद्यापीठात नोकरीला, मुलगी शमिका बारा वर्षांची. दर दिवाळीत बाल्कनीत किल्ला करायचा हा नागेशचा हट्ट. पुण्याहून त्याची आई मातीची चित्रं पाठवायची. यंदा नेमके महाराज सामानात फुटले. त्यात शमिकाला शाळेत क्रुसेडवर भाषण करायचं होतं. नागेशच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

“मग यंदा अँटिओकचाच किल्ला करू! राजा तर घरात आहे.”

“आल्झो, म्हणजे कसं बाबा, बार्बारोसा तिथे जिवंत पोचलाच नव्हता,” शमिका म्हणाली.

“आपल्या किल्ल्यात पोचेल. बिघडलं काय?”

चाकं लावलेल्या मोठ्या फळीवर दगड-माती रचून किल्ला उभा राहिला. बुरूज झाले, तट झाला, उतारावर अळीव उगवले. पण मराठी माणसाचा किल्ला नुसत्या तटाने पुरा होत नाही, त्याच्या पोटात गाव लागतं. शमिकाने तटाच्या आत पुण्याची चित्रं मांडली. जात्यावर दळणारी बाई, डोक्यावर हंडे घेतलेली गवळण, भाजीवाली, पारावरचे दोन म्हातारे. शेजारी काड्यापेटीची घरं. मला वेशीसमोर उभं केलं. आयुष्यात प्रथमच मी वेढा घातलेल्या शहरात कोणीतरी राहत होतं. मी ते पाहिलं, आणि तरीही छाती फुगवून उभा राहिलो.

समोरच्या दारात नेरिमान राहायची. नवरा वारलेला, मुलं दूर, गुडघे दुखरे. शमिका शाळेतून आली की आधी तिच्याकडे जेवायची. आई-बाबा येईपर्यंत तिथेच. तुर्की बायकांना हाक मारतात तशी ती तिला ‘तेझे’, म्हणजे मावशी, म्हणायची. नागेशच्या घराची एक किल्ली तेझेकडे असायची. तुर्कस्तानात तो मोठा भूकंप झाला तेव्हा तिची धाकटी बहीण गेली. नागेश-ऊर्मिला फुलं घेऊन भेटायला गेले होते, वाईट वाटल्याचं सांगून आले होते. झालं, तेवढंच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी किल्ला मोडायचा. लहानपणी नागेश त्यात सुतळी बॉम्ब लावायचा. जर्मनीत नववर्षाची रात्र सोडली तर एरवी फटाके वाजवता येत नाहीत, म्हणून त्याने आपली युक्ती काढली होती. फळीला दोन्ही हातांनी धरायचं आणि कारखान्यातल्यासारखं गदागदा हलवायचं. शमिका लहान असताना या खेळाला नाव पडलं होतं भूकंप. घरातल्या घरात ते नाव इतकं रुळलं होतं की त्याचा अर्थ कोणाच्या कानावरच पडत नव्हता.

त्या दुपारी तेझेला फराळाला बोलावलं होतं. हातात चकलीची बशी घेऊन ती बाल्कनीच्या दारात बसली. शमिकाने तिला जर्मनमध्ये उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. हे अँटिओक शहर. हा राजा बाहेर थांबलाय. आणि आता भूकंप होणार!

नागेशने फळी हलवली.

खरं सांगतो, पहिला बुरूज ढासळला तेव्हा मला आनंद झाला. इतकी वर्षं टेबलावर जिंकलो, पण खरी माती कोसळताना प्रथमच पाहत होतो. मग तट आत पडला. काड्यापेट्या चेपल्या. बाई जात्यासकट मातीत गेली. नागेश हसत होता, शमिका टाळ्या वाजवत होती.

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. तेझे त्या दुखऱ्या गुडघ्यांवर जमिनीवर बसली आणि हातांनी माती उकरू लागली. घाईघाईने नाही, अगदी हलक्या हाताने. एक म्हातारा सापडला, तो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसून बाजूला ठेवला. मग भाजीवाली. मग गवळण, मान तुटलेली.

“तेझे, राहू दे ना, मी काढते,” शमिका म्हणाली.

तेझेने मान वर केली नाही. “अँटिओक म्हणजे आमचं अंताक्या,” ती म्हणाली. “माझी बहीण तिथेच होती.”

जात्यावरची बाई काही तिला सापडली नाही. ती उठली, हात न धुताच गेली. नागेश फळी धरून तसाच उभा होता. मी आडवा पडलो होतो, नाकातोंडात माती, आणि त्या मातीतही माझी तलवार उगारलेलीच होती. मला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी घराची किल्ली पत्रपेटीत पडलेली मिळाली. शमिका ती हातात घेऊन जिन्यातच रडली. तेझे आपल्याला कायमची तुटली, असंच तिला वाटलं. नागेश संध्याकाळी समोरच्या दारापर्यंत जायचा, घंटीवर बोट न्यायचा आणि परत यायचा.

“काय बोलू मी? मला माहीत नव्हतं म्हणून सांगू?” त्याने विचारलं.

“माहीत का नव्हतं?” ऊर्मिला म्हणाली. “गाडीत शेजारी कोणी बसलं की पहिला प्रश्न गाव कुठलं. पुण्याच्या दुधवाल्याचं गाव माहीत, इथल्या कंपनीतल्या प्रत्येक मराठी माणसाचं गाव माहीत. आपल्या पोरीला रोज जेवू घालणाऱ्या बाईला विचारलं कधी? मीही नाही विचारलं, नागेश.”



रविवारी तिघं गेले. शमिकाने मला मुठीत घेतलं होतं; का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तेझेने दार उघडलं. नागेशने घरून जमवून आणलेली सगळी जर्मन वाक्यं विसरून एवढंच विचारलं, “तुमचं गाव कसं होतं?”

तेझेने दार आणखी उघडलं. मग बाजूला झाली.

तिने चहा ठेवला आणि सांगत सुटली. बहिणीची गल्ली, गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, खालचा भटारखाना, बहिणीचं मोठ्यांदा हसणं. ती गल्लीच आता राहिली नाही, ढिगारा उपसला पण बहीण हाती लागली नाही. नागेश मान खाली घालून ऐकत होता. ऊर्मिला रडत होती. शमिकाने मूठ उघडली.

“तेझे, हा पण तिथेच पुरलाय. खरा राजा. मी वाचलंय. त्याची जागा आता कोणाला सापडत नाही.”

असं बोलायला नको होतं, असं वाटून नागेश गडबडला. तेझेने मला उचललं, चष्मा वर करून न्याहाळलं. फेकून देईल, असं मला वाटलं. द्यायलाच हवं होतं.

“आमचं शहर घ्यायला आला,” ती म्हणाली, “आणि आम्ही याला जागा दिली.”

मग तिने कपाटावर बहिणीच्या फोटोपुढे मला ठेवलं. उभं नाही, आडवं. लहान मुलाला निजवावं तसं. “झोपू दे,” म्हणाली. “दोघंही आता एकाच मातीत आहेत.” आणि शमिकाकडे वळून तिने विचारलं, उद्या शाळेतून आल्यावर काय खाणार.

तेव्हापासून मी इथेच आहे. दाढीचा रंग उडतोय, तलवारीवर धूळ बसते. फोटोतली बाई हसते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. शुक्रवारी शमिका फडक्याने दोघांनाही पुसते आणि कधीतरी माझ्या घोड्याचे पाय सरळ करून मला उभं करायला जाते. नको गं पोरी. मला उभं करू नकोस.