ब्रेकवरचा पाय

बॅटरी काढून बाकड्यावर ठेवली, तरी धोंडीरामच्या गाडीचे मागचे दोन्ही ब्रेकचे लाल दिवे जळतच राहिले. दिवे जळत असेपर्यंत गाडी जागची हलत नाही, हे गडहिंग्लजात शेंबडं पोरही सांगेल. म्हणून धोंडीराम, त्याची बायको पारू आणि पोत्यात बांधलेली भांडी सकाळपासून गॅरेजातच गाडीत बसून होती.

ईश्वरा हा धोंडीरामचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं. इंजिन थोरल्याने बघायचं, वायरिंग धाकट्याने, असं वीस वर्षं चाललं होतं. आता थोरल्याने पुण्याला शोरूममध्ये नोकरी धरली, आणि ही गोष्ट ईश्वराला कळली ती चहावाल्याकडून. एका ताटात जेवलेल्या माणसाला चार शब्द सांगायला काय जीभ झडली होती का? त्याचं डोकं फिरलं होतं. पण राग आला म्हणून फॉल्ट सोडून देणाऱ्यातला तो नव्हता.

तो ब्रेकच्या पेडलखाली आडवा झाला. पाय काढला की दिव्याच्या स्विचची खुंटी दाबून दिवे विझवणारा रबरी तुकडा झिजून पडला होता. त्या जागी शर्टाचं बटण चिकटवायचं, ही दोघा भावांची जुनी युक्ती. ईश्वराने गळ्याचं बटण तोडून चिकटवलं. दिवे विझले. त्याने बॅटरी जोडली, तेवढ्यात खुंटीने बटण गिळलं आणि दिवे पुन्हा लागले. दुसरं बटण गेलं, तिसरं गेलं. दर बटणामागे गॅरेजची मागची भिंत हातभर पुढे सरकत होती. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांनी बाकडं पुढे ओढून घेतलं.

सगळी बटणं संपली तेव्हा ईश्वरा उघड्या छातीने गाडीच्या मागे उभा होता आणि भिंत त्याच्या पाठीला टेकली होती. धोंडीरामने वाकून पेडल पाहिलं. ते पार खाली दबलं होतं. रबरावर चपलेचा ठसा होता, अंगठ्यापाशी तांब्याच्या तारेचा पीळ. तुटलेली चप्पल वायरिंगच्या तारेने बांधायची खोड गावात एकाचीच होती.

"पाय काढ," धोंडीराम म्हणाला.

"मी हितं मागं हाय. माझा पाय गाडीत कसा असंल?"

"ठावं हाय मला. पाय काढ, ईश्वरा."

"सांगून निघाला असतास तर काढला असता."

धोंडीराम आरशातून त्याच्याकडे बघत राहिला. "तीनदा सांगाय आलतो. तिन्ही वेळंला तू हसत हुतास. मग माघारी फिरलो."

ईश्वराचा राग आणखीच भडकला. आता तो धड थोरल्यावर काढता येईना आणि गिळताही येईना. एक कचकचीत शिवी हासडून त्याने उजवा पाय जमिनीवरून उचलला.

दिवे विझले. गाडी बाहेर पडली, एसटी स्टँडावरून वळली आणि संकेश्वरच्या रस्त्याला लागली. पारूने एकदा मागे पाहिलं.

भिंत ईश्वराला ढकलत शटरपर्यंत घेऊन आली होती. तो तिथेच एका पायावर उभा राहिला. दुपार कलली. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून घरी गेली. दूर उतारावर गाडी अजून दिसत होती, सुपारीएवढी. पायाला मुंग्या आल्या, मांडी लटलटू लागली. राग तसूभरही उतरला नव्हता, आणि जमीन उचललेल्या पायाखाली वीतभरच होती.