इंटरकॉमवरचं बोलणं

मानपाड्याच्या त्या औषधांच्या कंपनीत इंटरकॉम बसला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद पॅकिंगच्या बायकांना झाला. एक्क्याण्णव सालची गोष्ट. तोवर खोकी संपली की कुणीतरी उठायचं, अंगण ओलांडून स्टोअरमध्ये जायचं आणि परत आल्यावर उशीर झाला म्हणून सुपरवायझरची बोलणी खायची. आता भिंतीवर राखाडी फोन आला. एक आकडा फिरवला की स्टोअर, दुसरा फिरवला की लॅब. पहिले काही दिवस बायकांनी खोकीच मागवली. मग कुणी विचारलं, आज डब्यात काय आणलंयस, आणि तिथून सुरू झालं.

शेवंतीची जागा फोनच्या अगदी जवळ होती. ती गोळ्यांच्या पट्ट्या कापणाऱ्या मशीनवर उभी असायची. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी मोठागावात तिचं सासर. सासू मनुबाई अजून टोपली घेऊन मासळी विकायला बसायची. नवरा उत्तम याच कंपनीत टेम्पोवर ड्रायव्हर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. मागे एकदा दिवस राहिले होते तेव्हा मनुबाईने आळीभर सांगितलं, एकवीरेला नवस बोलली, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. त्यानंतर आळीतल्या बायका तिच्याकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर शेवंतीला अजून पुरत होती.

म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त कलावतीला.

कलावती स्टोअरमध्ये होती. माहेर साताऱ्याकडचं, राहायला शहाडला. मोठ्याने हसणारी, पण पोटात गोष्ट ठेवणारी बाई. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका टेबलावर बसायच्या, तिथे एकीचं बोलणं सगळ्यांच्या कानावर. फोनवर मात्र मशीनचा आवाज असायचा, तोंडावर हात धरला की शेजारणीलाही कळत नसे. शेवंती तशीच बोलली.

"कलावती, मला राहिलंय."

"खरं? घरी सांगितलंस?"

"नाही. इतक्यात नाही सांगत."

"नको सांगूस. कल्याणला माझ्या ओळखीची डॉक्टरीण आहे, तिला दाखव."

शेवंतीने दाखवलं. डॉक्टरीण म्हणाली, सगळं ठीक आहे. मग एक दिवस ठीक राहिलं नाही. घरी काहीतरी कारण सांगून शेवंती एकटीच कल्याणला गेली. डॉक्टरीणबाईंनी जे करायचं ते केलं आणि घरी जाऊन पडून राहायला सांगितलं. घरी जाऊन पडली असती तर मनुबाईने विचारलं असतं. तिने संध्याकाळी भाकऱ्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर उभी राहिली. दुपारी तिने स्टोअरचा आकडा फिरवला.

"गेलं," ती म्हणाली.

 पलीकडून कलावती म्हणाली, "उत्तमला सांग आता तरी."

"काय सांगू? होतं हेच त्यांना माहीत नाही."

त्याच आठवड्यात शेवंतीला मशीनवरून काढून लेबलच्या टेबलावर बसवलं. बसून करायचं काम, सगळ्यांना हवं असलेलं. सुपरवायझरला कारण विचारलं तर तो म्हणाला, "प्रधान साहेबांनी सांगितलंय." मॅनेजर प्रधान साहेब ठाण्याहून यायचे. मवाळ माणूस. कामगार बायकांनाही अहोजाहो करायचे, आवाज कधी चढवत नसत. शेवंतीला वाटलं, लेबलला माणसं कमी पडली असतील.

पुढच्या सोमवारी साहेबांची गाडी बिघडली होती म्हणून ते उत्तमच्या टेम्पोत पुढे बसून ठाण्याला गेले. त्या संध्याकाळी उत्तम घरी आला, हातपाय धुतले आणि ओटीवर बसून राहिला. मनुबाई बाजारातून यायची होती.

"साहेब म्हणत होते, बायकोची काळजी घे," तो म्हणाला. "अशा वेळी बाईला जपावं लागतं म्हणाले. मी विचारलं, कशा वेळी? तर ते माझ्याकडेच बघत बसले."

शेवंती तांदूळ निवडत होती. तिचा हात चालूच राहिला.

"त्यांना वाटलं, एव्हाना तू मला सांगितलं असशील," उत्तम म्हणाला. "मग सांगितलं त्यांनी."

"हं."

"साहेबाला माहीत, मना नाय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून खाडीकडे गेला. मनुबाईला त्यानेच सांगितलं असावं, कारण जेवताना ती सुनेच्या ताटात मासळीचा मधला तुकडा वाढून एवढंच म्हणाली, "मना सांगाचा ना गो." शेवंतीने तो तुकडा खाल्ला. चव लागली नाही.

रात्री पडल्या पडल्या तिने एकच हिशोब केला. डॉक्टरीण कल्याणची, ती प्रधान साहेबांना कुठे ओळखणार? उरली कलावती. सकाळी कामावर आल्यावर स्टोअरचा फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला नाही. लक्ष्मीने उचलला. लक्ष्मी आता मशीनवर तिच्या जागी उभी असायची. "कलावती आहे, तुला विचारतेय," ती म्हणाली. शेवंतीने मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत कलावती शेजारी येऊन बसली तेव्हा शेवंती डबा घेऊन दुसऱ्या टोकाला गेली.

"काय झालं ते तरी सांग," कलावती तिच्या मागे येऊन म्हणाली.

"साहेबांना विचार."

"साहेबांचा काय संबंध?"

शेवंतीने डब्याचं झाकण लावलं आणि उठली. कलावती तिथेच उभी राहिली. असं पंधरवडाभर चाललं.

मग एका दुपारी साहेबांनी शेवंतीला केबिनमध्ये बोलावलं. ती दारात उभी राहिली तशी त्यांनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"नवीन काम जमतंय ना, शेवंतीबाई? त्रास नाही ना काही?"

"नाही, साहेब."

त्यांच्या टेबलावर एक डबा होता. भिंतीवरच्या फोनसारखाच राखाडी, पण त्याला वर बटणांची रांग आणि समोर रेडिओसारखी जाळी. त्यातून मशीनची घरघर येत होती. शेवंतीला ती घरघर ओळखीची वाटली. मग त्याच जाळीतून कलावती बोलली.

"लक्ष्मी, शेवंती आहे का गं जवळ?"

"साहेबांनी बोलावलंय तिला."

"बरं. आली की तिला सांग, मी माझ्या नवऱ्याला पण बोलले नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते म्हणावं."

"काय बोलली नाहीस?"

"तिला कळेल. तू एवढंच सांग."

साहेबांनी हात पुढे करून आवाज बारीक केला. घाईने नाही. घरी कुणी बोलायला आलं की रेडिओ बारीक करतात, तसा.

शेवंती त्या जाळीकडे बघत होती. "हे आमचं बोलणं आहे," ती म्हणाली.

"हो, पॅकिंगचं. सगळ्या खात्यांचं ऐकू येतं. लक्ष ठेवावं लागतं ना, कामाच्या वेळेत तासतासभर फोन चालू असतात." ते जरा थांबले. "तुम्हांला माहीत नव्हतं? बसवताना सुपरवायझरने सांगितलं असेल असं मला वाटलं."

"नाही सांगितलं."

"फोन कंपनीचा आहे, शेवंतीबाई. आणि तुमचं कानावर आलं म्हणून तर तुम्हांला बसायचं काम देता आलं. नाहीतर मला कसं कळणार?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. शेवंतीला राग यायला हवा होता. ती उभ्या उभ्या त्याची वाट बघत राहिली, पण आत काहीच हललं नाही, जसा पाय खूप वेळ दाबून बसल्यावर आपला वाटत नाही.

"मला परत मशीनचं काम द्या, साहेब."

"अहो, तिथे दिवसभर उभं राहावं लागतं."

"राहीन."

साहेबांना ते लागलं असावं. "तुमची मर्जी," ते म्हणाले आणि समोरचे कागद ओढून घेतले.

केबिनमधून निघाल्यावर ती पॅकिंगला न जाता अंगण ओलांडून स्टोअरमध्ये गेली. फोन आल्यापासून त्या बाजूला तिचं जाणं राहिलंच होतं. कलावती खोक्यांवर खडूने खुणा करत होती. शेवंतीला बघून तिने खडू खाली ठेवला.

"तू सांगितलं नव्हतंस," शेवंती म्हणाली.

"तेच तर मी सांगतेय."

"साहेबांच्या टेबलावर ऐकू येतं. सगळ्यांचं. आत्ताचं तुझं पण मी तिथेच ऐकलं."

कलावती एका खोक्यावर बसली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आजवर फोनवर काय काय बोललो ते आठवत असणार. "माझ्या दिराचं पण?" तिने विचारलं.

"असेल."

"आणि डॉक्टरणीला मी माझं दाखवलं होतं, ते?"

"असेल, कलावती."

 मग कलावती तिच्याकडे न बघता म्हणाली, "साहेब ऐकतात ते ऐकतात. पण तू मला एकदा विचारलं पण नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या. तू डबा उचलून गेलीस."

शेवंतीला म्हणायचं होतं, चुकलं.  "खोकी संपलीत आमची," ती म्हणाली. कलावतीने दोन गठ्ठे काढून दिले आणि शेवंती ते घेऊन परत आली.

बायकांना कळल्यावर आठवडाभर फोनवर खोकी, पट्ट्या, लेबलं याशिवाय काही ऐकू आलं नाही. बोलायचं तर नळावर जाऊन बोलायच्या. सगळ्या मिळून साहेबांकडे जायचं असंही ठरलं होतं, पण पुढे कोण होणार यावरच ते अडलं. मग ऊन वाढलं, नळापर्यंत जायचा कंटाळा येऊ लागला. लक्ष्मीने पहिल्यांदा सुरुवात केली. "ऐकू दे. माझी सासू कशी आहे ते साहेबांना पण कळू दे," असं म्हणून ती हसली आणि बाकीच्याही हळूहळू बोलू लागल्या. फक्त मधूनच एखादी आवाज खाली आणायची.

शेवंतीने त्या फोनला पुन्हा हात लावला नाही. ती मशीनवर उभी राहायची, फोन वाजला की दुसरीला खूण करायची. कलावती जेवताना शेजारी बसायची. दोघी एकमेकींना भाजी वाढायच्या, कलावतीच्या पोराची परीक्षा, पाण्याचा तुटवडा असलं बोलायच्या. ते कुणीही ऐकलं असतं तरी चाललं असतं.

घरी उत्तम पूर्वीसारखाच होता, निदान दिसायला. एका रविवारी मनुबाई बाजारात गेली होती आणि तो दारात बसून मासेमारीच्या जाळ्याचा फाटका भाग बघत होता. बघता बघता म्हणाला, "फोनवर माझ्याबद्दल काय काय बोलायचीस?"

शेवंती कपडे वाळत घालत होती. तिने खरंच आठवून पाहिलं. वर्षभराच्या दुपारी होत्या. तो पितो का, मारतो का, चांगला आहे का, रात्री कुशीवर वळून झोपतो ते, असं काही बोलली असेल. कौतुकही केलं असेल. त्यातलं एकही वाक्य तिला धड आठवेना.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"साहेबांना आठवत असेल," उत्तम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने जाळं गोळा केलं आणि आत नेऊन ठेवलं. शेवंतीने उरलेला कपडा झटकला, दोरीवर टाकला, आणि रिकामी बादली उचलली.