फळ्यावरचा ठग

राजेश्रीबाई सोनपेठहून एसटीनं यायच्या आणि उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहून मगच शाळेत जायच्या. गावाला त्याची गोडी लागली होती. त्या दिवशीचा शब्द होता 'थग'. अर्थ, गुंड. खाली त्यांनी हौसेनं लिहिलं, हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. मूळचा ठग अंगावर धावून येत नसे. तो वाटसरूला सोबत देई, गोड बोलून खाऊ घाली आणि निर्जन जागी रुमालानं गळा आवळी. इंग्रजीत जाऊन शब्दातली सोबत गेली, दांडगाई तेवढी उरली.

दुपारी कुणीतरी त्याखाली वाकड्या अक्षरांत 'उदा. आबासाहेब' लिहून ठेवलं. शाळा सुटेपर्यंत ते बाईंच्याही कानावर आलं.

आता आबासाहेबांचं नाव घेतानासुद्धा या गावात माणसं आवाज खाली आणतात. गेल्या साली त्यांच्या वाकड्यात गेलेल्या ग्रामसेवकाला त्यांनी आग्रहानं जेवू घातलं, जीपमधून सोडायला नेलं. तो कालव्यात सापडला, दोन्ही पाय मोडलेला. पाय घसरला, असं त्यानंच पोलिसांना सांगितलं.

संध्याकाळी एसटी आलीच नाही. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला होता आणि समोर जीप उभी होती.

"बसा बाई, सोडतो. मीबी तिकडंच जायलोय," आबासाहेब म्हणाले.

आवाज इतका मऊ की बाई एक पाऊल मागं सरकल्या. आबासाहेबांनी गळ्यातला रुमाल काढून सीट झटकली, पेढ्यांचा पुडा पुढं केला. ते नाव मी लिहिलं नाही, असं सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कुणी? थांब्यावर पाच-सहा जण होते. सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले.

नाही म्हणायचं धाडस झालं नाही. बाई मागं बसल्या. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलबाई लगबगीनं आल्या आणि न विचारता शेजारी चढल्या.

"मलाबी सोनपेठला जायचंय," त्या म्हणाल्या, "लेकीकडं."

कमलबाईंना लेक नव्हती. जीप निघाली तशी त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. याच हाताला बाईंनी गेल्या हिवाळ्यात अक्षरं गिरवायला शिकवली होती. नखांत खडू अडकलेला होता.

बाईंनी तो हात झटकन पदराखाली ओढला आणि वर पाहिलं. आरशातून आबासाहेब तिकडंच बघत होते. कालव्याचा फाटा आला तेव्हा त्यांनी जीप हळू केली.